सोलापुरातला हिवाळी दिवस: कला, हुरडा, सिनेमा आणि गाणं एका दिवसात कसं बसवायचं

दर डिसेंबर-जानेवारीत आमच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे असतात. प्रत्येकाला एका दिवसात सगळं हवं असतं: किल्ला बघायचा, चादर कशी विणतात ते बघायचं, हुरडा खायचा, एखादा सिनेमा आणि रात्री गाणं. हे सगळं एका दिवसात होतं, पण बहुतेकांचं होत नाही, कारण ते दिवस सकाळपासून आखतात. भरपेट नाश्ता करून बाहेर पडतात, वाटेत दिसेल तिथे थांबतात, हुरड्याला पोचतात तेव्हा पोटात जागा नसते आणि गाण्याला बसतात तेव्हा डोळ्यांवर झोप असते.

हा दिवस उलटा आखायचा. रात्रीचं गाणं पहिल्यांदा ठरवायचं, मग त्याच्या मागचा सिनेमा, त्याच्या मागचा हुरडा, आणि सकाळ सगळ्यांत शेवटी. खालचे टप्पे दिवसाच्या क्रमाने दिले आहेत, पण पहिले चार टप्पे घर सोडण्याआधीचे आहेत. तेच टाळले जातात म्हणून ते आधी नीट वाचा.

१. तारीख: गड्ड्यात की गड्ड्याबाहेर?

सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, संक्रांतीच्या आसपास असते. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह), होम मैदानावरचं होमप्रदीपन आणि शोभेचं दारूकाम हे मुख्य विधी साधारण १२ ते १७ जानेवारीच्या दरम्यान होतात. संक्रांत कधी येते त्यावर एखादा दिवस मागेपुढे होतो, म्हणून त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका बघूनच दिवस ठरवा.

त्या दिवसांत हा लेख बाजूला ठेवा. नंदीध्वजांच्या (उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीसाठी जुन्या गावातले रस्ते गाड्यांना बंद असतात आणि माणसांचा पूर लोटलेला असतो. यात्रा हा स्वतःच एक पूर्ण दिवस आहे. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, हलगी आणि सनई हे सगळं बघायचं तर दुसरं काही ठरवू नका. एका वर्षी माझ्या नणंदेच्या घरचे अक्षता सोहळ्याच्याच दिवशी गाडी घेऊन आले. दुपारी सिनेमाची तिकिटं काढलेली होती. गाडी तीन तास एका गल्लीत अडकली. सोहळाही बघता आला नाही आणि सिनेमाही. त्या मुलांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात.

सगळ्यांत सोयीचा काळ म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आठवडा, किंवा यात्रेचे मुख्य विधी उरकल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. हुरडा याच दिवसांत कोवळा मिळतो.

*तपासा:* शेतकऱ्याला फोन करून ‘हुरडा आलाय का’ एवढंच विचारू नका. ‘दाणा दुधात आहे की निबर झालाय’ असं विचारा. पेरणी उशिरा झाली असेल तर हुरडाही उशिरा येतो.

२. आधी रात्र पक्की करा

हुतात्मा स्मृती मंदिर, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर या ठिकाणी नाटकं, गाण्याच्या मैफली, व्याख्यानं होत असतात. थंडीत कार्यक्रम जास्त असतात. ते कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्थानिक वर्तमानपत्राचं ‘आजचे कार्यक्रम’ सदर आणि सभागृहाबाहेरचा फलक. सोलापुरात कुणी ओळखीचं असेल तर त्याला फलकाचा फोटो काढून पाठवायला सांगा. त्याला जाता-येता पाच मिनिटं लागतात.

अनेक मैफली विनामूल्य असतात, पण प्रवेशिका आधी घ्याव्या लागतात. ‘प्रवेश मोफत’ वाचून लोक तसेच जातात आणि दारातून परततात.

कार्यक्रम नसेल तर? तर आपली रात्र वाया गेली असं समजू नका. या गावात मराठी, कानडी आणि तेलुगू तिन्ही भाषांत भजनं होतात. जवळच्या देवळात चौकशी करा, कुठल्या वारी कुठल्या भाषेतलं भजन असतं ते पुजारी सांगतात. डिसेंबरात संध्याकाळी नंदीध्वजांचा सरावही चालतो. इतका उंच ध्वज कमरेला पेलून माणसं हलगीच्या तालावर कशी चालतात, हे सरावात अगदी जवळून दिसतं. यात्रेच्या गर्दीत तेवढं जवळ जाता येत नाही.

३. गाडीचं गणित

इथे बाहेरगावच्या माणसाची ठरलेली चूक होते. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस आणि मुंबईहून येणारी वंदे भारत या दोन्ही गाड्या सोलापूरकरांच्या सोयीच्या आहेत: सकाळी सहा-साडेसहाला सोलापूर सोडतात आणि रात्री दहाच्या सुमारास किंवा त्यानंतर परत येतात. म्हणजे त्यांनी ‘सकाळी येऊन रात्री परत’ जमत नाही. आदल्या रात्री या, दोन रात्री मुक्काम करा आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघा. पुण्याहून मोटारीने सुमारे अडीचशे किलोमीटर पडतात, पण गाणं संपल्यावर रात्री तो रस्ता धरू नका.

*सावध:* ‘आलोच आहोत तर’ हे शब्द या दिवसाचा घात करतात. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट सुमारे ४०, पंढरपूर सत्तरच्या वर. यातलं एकही दर्शन या दिवसात घालू नका, वेगळा दिवस काढा. ‘सैराट’ची ठिकाणं बघायची म्हणणारेही खूप भेटतात. जिथे त्याचं चित्रीकरण झालं तो करमाळा तालुका जिल्ह्यातलाच आहे, पण शहरापासून शंभर किलोमीटरहून दूर.

४. आदल्या रात्रीची पिशवी

सोलापूरच्या थंडीचे दोन चेहरे आहेत. पहाटे स्वेटर हवा, दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि रात्री पुन्हा शाल लागते. म्हणून आत सुती कपडे, वर काढता येईल असा स्वेटर आणि पिशवीत शाल. टोपी, पाण्याची बाटली, घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा (चटणीसाठी), एक मोठी कापडी पिशवी (चादर जड असते), छोटी वही आणि पेन्सिल. वही का, ते पुढे सांगते.

आणि एक सिनेमा आधीच घरी बघून या: १९४६ चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केला, मुख्य भूमिकाही त्यांचीच. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांच्या जन्मघरात भैया चौकात स्मारक आहे. सिनेमा बघून त्या घरात शिरणं आणि न बघता शिरणं यात फार अंतर आहे. न बघता आलेले दहा मिनिटांत बाहेर पडतात.

५. सकाळी साडेसात ते नऊ: किल्ला आणि तळं

जानेवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सिद्धेश्वर तळ्याकाठी साडेसातला पोचा. किल्ला आत जाऊन बघायचा असेल तर उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. तोवर तळ्याच्या कडेने फिरा, देवळात जाऊन या.

एवढं लवकर कशाला, असं सगळे विचारतात. दगडावरचं कोरीव काम तिरप्या उजेडात उठून दिसतं. सूर्य खाली असतो तेव्हा प्रत्येक खाचेत सावली पडते आणि नक्षी वाचता येते. बाराच्या उन्हात तोच खांब सपाट दिसतो. किल्ल्यात जुन्या मंदिराचे खांब आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून वही काढा आणि एकच आकृती पाच मिनिटं रेखाटा. चित्र येत नसलं तरी चालेल. फोटो काढणारा माणूस खांब तीन सेकंद बघतो, रेघ ओढणारा पाच मिनिटं. मुलांना तर हे आधी करायला लावा, नंतर ती स्वतःच शोधत फिरतात.

नाश्ता: एक कप चहा आणि एक प्लेट इडली, दोघांत. बस. पुढे हुरडा आहे.

*तपासा:* नऊ वाजले आणि तुम्ही अजून तटावर असाल, तर खाली उतरा. तटबंदी पूर्ण फिरायचा हट्ट धरलात तर पुढचं सगळं एक तास ढकललं जातं.

६. साडेनऊ ते साडेदहा: माग

चादर दुकानात बघू नका, मागावर बघा. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ हा सगळा पूर्व भाग तेलुगू विणकरांचा. ओळख असेल तर उत्तम, नसेल तर चादर विकणाऱ्या दुकानदारालाच सांगा, ‘अण्णा, कुणाचा माग बघता येईल का?’ आदल्या दिवशी विचारलंत तर बहुधा सोय होते. त्यांचा सुट्टीचा वार कोणता आणि त्या भागात वीज कधी जाते, तेही त्याच वेळी विचारा.

मागाशी उभं राहिल्यावर धोट्याकडे (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो) बघत बसू नका, मान वर करा. वर जेकार्ड असतं. जुन्या मागांवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरताना दिसते. कुठले उभे धागे उचलले जायचे हे ती भोकं ठरवतात आणि त्यातून मोर किंवा फूल उमटतं. विणकराला सांगा, एक कार्ड दाखवा. ते दाखवताना त्यांचा चेहरा खुलतो.

वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. यंत्रमागाचा आवाज कानात घुमतो. म्हणूनच माग सकाळी ठेवायचा. एक पाहुणे संध्याकाळी मागावरून थेट गायनाला गेले आणि तंबोरा त्यांना ऐकूच येईना.

*सावध:* ओढणी, शाल, सैल बाही मागाजवळ नको. लहान मुलांचा हात हातात धरा.

चादर घेताना उलटी करून बघा. जेकार्डवर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंग अदलाबदल झालेले. एका बाजूला ठसठशीत आणि दुसरीकडे फिकट डाग असेल तर ती छापील आहे. पैसे देऊन ठेवा, चादर संध्याकाळी घ्या. दिवसभर वागवू नका.

७. अकरा ते एक: हुरडा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

पूर्व भागातून अक्कलकोट किंवा हैदराबाद रस्त्याला लागणं सोपं पडतं, तेव्हा शेत त्याच दिशेचं निवडा. शहर ओलांडून पलीकडच्या रस्त्याला गेलात तर एक तास वाहतुकीत जातो.

पोचल्यावर आधी कणीस हातात घ्या. दाणा हिरवा, आणि नखाने दाबला तर मऊ लागून दूध सुटलं पाहिजे. पिठूळ लागला तर निबर झाला. तो भाजला तरी चिवटच लागणार. शेतकरी प्रामाणिक असतो, विचारलंत तर सांगतो. ज्वारीचं वाणही विचारा. गूळभेंडी असेल तर गोडी जास्त असते.

मग आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे. धूर निघून गेलेला असला पाहिजे. धुरावर भाजलेला हुरडा कडवट होतो. कणसं आरात खुपसतात, सतत फिरवतात, आणि बाहेर काढून लगेच तळहातावर चोळतात. दाणे सुटतात, कोंडा फुंकून उडवायचा. गरम कणीस चोळणं सवयीचं काम आहे. पाहुण्यांनी एकदा करून बघावं, पण पूर्ण पंगतीचा हुरडा स्वतः चोळायचा हट्ट नको, हात पोळतात.

आता खायचा नियम, आणि हा मोडला की सगळं बिघडतं: एक मूठ आली की ती संपवा, मगच दुसरी. लोक काय करतात? ताटात ढीग जमवतात, फोटो काढतात, सगळे जमेपर्यंत थांबतात. तोवर हुरडा गार होतो आणि गार हुरडा चामट लागतो. आमचे शेतकरीमामा दरवर्षी ओरडतात, ‘गार करून काय खाताव, गरम हाय तवर खावा की!’ त्यांचं ऐका. माणसं आगटीभोवती गोल बसली पाहिजेत, टेबलाशी नव्हे.

सोबत शेंगा चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. आधी नुसता हुरडा खा, मग चटणीबरोबर, शेवटी गुळाबरोबर. गूळ आधी खाल्ला की हुरड्याची स्वतःची गोडी कळत नाही.

*सावध:* हुरडा पोटात फुगतो. पोट भरल्यासारखं वाटायच्या थोडं आधी थांबा. वर पाणी ढोसू नका, ताक प्या. आणि ‘हुरड्यानंतर जेवण आहे’ असं कुणी म्हणालं तर हात जोडा. काही ठिकाणी हुरडा, मग भाकरी, भरलं वांगं, पिठलं असा बेत एकाच पैशात देतात. एकाच वेळी दोन्ही खाल्लंत तर दुपारी सिनेमागृहात घोराल. ज्यांना हुरडा मानवत नाही त्यांच्यासाठी एक-दोन भाकऱ्या आणि मेथीची पचडी आधी सांगून ठेवा, तेवढं पुरतं.

उरलेला हुरडा बांधून आणण्याचा मोह टाळा. कच्ची कणसं मात्र आणता येतात, त्याच दिवशी घरी भाजली तर.

८. दुपारी दोन ते पाच: सिनेमा

दुपारचं ऊन टाळायला आणि पाय सोडून बसायला ही वेळ बरोबर आहे. सिनेमा निवडताना ताऱ्यांचं नाव न बघता दोन गोष्टी बघा: लांबी आणि सुटण्याची वेळ. पाचच्या आत बाहेर पडता आलं पाहिजे. मराठी सिनेमाला शहरात बऱ्याचदा एखादाच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी आणि शुक्रवारी वेळापत्रक बदलतं. म्हणून तिकीट आदल्या दिवशी काढा, आठवडाभर आधी नाही. प्रेक्षक कमी असले तर खेळ रद्दही होतो, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या.

मनाजोगता सिनेमा नसेल तर बळेच बसू नका. त्या वेळेत कोटणीस स्मारक बघा. घरी बघून आलेला सिनेमा इथे कामाला येतो. मग मुक्कामी जाऊन तासभर पडा. मी स्वतः दोनदा असंच केलं आहे आणि रात्रीचं गाणं त्या दोन्ही वेळा जास्त मन लावून ऐकता आलं.

सिनेमागृहात मक्याच्या लाह्या नकोत. पोटाला दुपार मोकळी द्या.

९. पाच ते साडेसहा: चटणी, भाकरी, चहा

शेंगा चटणी घेताना बोटांत दाबून बघा. कुटलेल्या चटणीत शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं, ती दाबली की गोळा होतो. मिक्सरमध्ये फिरवलेली भुगा राहते. थोडी चाखा: लसूण मागून आला पाहिजे, आधी शेंगदाणा. पिशवीत घेतलीत तर तेल बाहेर येतं, डबा त्यासाठीच आणला आहे.

कडक भाकरी घ्या, ती आठवडे टिकते. पण ती प्रवासात मोडते, म्हणून चादरीच्या घडीत ठेवा. शेंगा पोळीही टिकते.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर (ही आमची खाऊगल्ली) भूक नसतानाही माणूस खातो, तेव्हा जरा बेतानं. एक बटाटावडा आणि चहा. तिखट-तेलकट जास्त झालं की मैफलीत खोकला येतो आणि खोकणारा माणूस पन्नास जणांचं गाणं बिघडवतो.

*तपासा:* साडेसहाला मुक्कामी पोचलेले हवेत. तोंड धुवा, कपडे बदला. हुरड्याच्या धुराचा वास कपड्यांना असतो.

१०. गाणं

पंधरा मिनिटं आधी पोचा. पुढच्या रांगेतली, ध्वनिवर्धकासमोरची खुर्ची सोडा. मधल्या रांगेत मध्यावर बसलात तर आवाज दोन्हीकडून सारखा येतो. भारतीय बैठक असेल तर भिंत किंवा खांब पाठीला मिळेल असं बसा. अ‍ॅम्फी थिएटर उघडं आहे: शाल पांघरायला आणि एखादं जाड कापड अंथरायला, कारण दगड रात्री गार पडतो.

उशीर झाला तर दारात थांबा. एक रचना संपून टाळ्या पडल्या की आत जा. उठायचं असेल तरी तसंच. विलंबित (संथ लयीतला) ख्याल सुरू असताना ‘आता काही होत नाहीये’ असं वाटून लोक उठतात. पहिली वीस मिनिटं राग उलगडत असतो, ती नीट ऐकलीत तरच पुढच्या द्रुत (जलद) बंदिशीत मजा येते. आपल्याला राग कळत नाही म्हणून घाबरू नका. एकच काम करा: गायक पुन्हा पुन्हा कुठल्या सुरावर येऊन थांबतो ते शोधा. तो सापडला की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

लावणीचा कार्यक्रम असेल तर तिथेही आधी ऐका, मग बघा. शाहीर राम जोशी याच गावचे. त्यांच्या रचनांत शब्द दाट असतात आणि शिट्ट्यांत ते बुडून जातात. जवळच्यांना हळूच सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतात.

मोबाइल बंद. आवाज बंद केलेला नव्हे, पूर्ण बंद. अंधारात पेटलेला पडदा मागच्या चार रांगांना दिसतो. मुलं कंटाळली तर मध्यंतरात त्यांना घेऊन एकाने निघावं. कोण निघणार ते घरूनच ठरवून या, म्हणजे सभागृहात कुजबुज होत नाही.

११. त्यानंतर

गाणं संपतं तेव्हा भूक लागलेली असते, आणि ही दिवसातली पहिली खरी भूक. आता जेवा: गरम भाकरी, बाजार आमटी (डाळींची झणझणीत आमटी), कांदा. आमटी ताटात वाढून घ्या, भाकरी चुरून तिच्यात घाला, दोन मिनिटं मुरू द्या. मांसाहारी असाल तर काळं मटण आत्ता, दुपारी नाही. पण खाणावळी किती वाजता बंद होतात ते संध्याकाळीच विचारून ठेवा. मैफल लांबली तर ताट वाढून ठेवायला सांगा, ‘मावशी, साडेदहाला येतो’ एवढं म्हटलं की ठेवतात.

सकाळची गाडी असेल तर पिशवी रात्रीच भरा: खाली चादर, तिच्या घडीत भाकरी, वर चटणीचा डबा उभा. वही हाताशी ठेवा, गाडीत खांबाचं चित्र पुरं करता येतं.